बिनआवाजाचं गाणं

मध्यंतरी एक मुलगा माझी मुलाखत घ्यायला आला होता. चांगला होता बिचारा. चपला दाराबाहेर काढल्या, चहाला नाही म्हणाला नाही, मोबाइल माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला आयत्या वेळी वाजवताना इतकं कसं सुचतं? प्रेरणा कुठून मिळते?" मी म्हटलं, "आधी तू सांग, घरात भाजी नसली की तुझी आई काय करायची?" तो गोंधळला. मी त्याला उगाच छळलं हे मला कळतं, पण या प्रश्नाचा मला मनापासून राग येतो. लोकांना वाटतं, डोळे मिटून बसलं की प्रेरणा वरून उतरते. आमच्या भोईवाड्यातल्या चाळीत वरून फक्त तिसऱ्या मजल्यावरच्यांचं धुण्याचं पाणी उतरायचं. त्या मुलाला जे सांगितलं नाही ते इथे सांगते. कुणाला पटलं नाही तर राहू दे. पटवून देण्याचं माझं वय आता राहिलेलं नाही.

आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या एका टोकाला. जिना दुसऱ्या टोकाला. खोलीत चौघं: आई, आबा, मी आणि माझ्यापेक्षा बराच लहान असलेला भाऊ बाळ्या. आबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर. आई त्याच मिलच्या वाइंडिंग खात्यात, जिथे सगळ्या बायकाच असत आणि सूत रिळांवर भरत. सकाळचा भोंगा व्हायच्या आधी चाळीत सगळ्या खोल्यांतून भाकऱ्या थापल्याचा आवाज यायचा. मी अंथरुणात पडल्या पडल्या ओळखायची, कुठली थाप कुणाची. शेजारच्या काकूंची थाप सरळ, एकामागून एक. आमच्या आईचं तसं नव्हतं. दोन थापा पटपट, मग जरा थांबणं, मग एक ओली थाप, मग चूल बघायला मान वळवली की पुन्हा थांबणं. ते थांबणं कधी लांब, कधी आखूड. पण थांबल्यावर हात जिथे पडायला हवा तिथेच पडायचा. ठेका रोज वेगळा आणि भाकरी रोज गोल. मी पुढे आयुष्यभर जे वाजवलं त्यातला निम्मा हिस्सा त्या परातीतला आहे.

स्वयंपाकाचंही तेच. आईने कधी ठरवून काही रांधलं नाही, कारण ठरवायला घरात तेवढं सामान नसायचं. सुकट असली आणि वांगं एकच असलं की ती वांगं इतकं बारीक चिरायची की प्रत्येकाला वाटावं, आपल्याच ताटात जास्त आलं. कोकमं संपली तर परळच्या नाक्यावरून कैरी, कैरी नसली तर चिंच, चिंचही नसली तर काल उरलेलं आंबट ताक. बोंबील भाजून त्यावर कांदा आणि तेलाचे थेंब, सोबत गरम भाकरी. आबा म्हणायचे, "कालच्यासारखं कर की," आणि आई म्हणायची, "काल गेला. आज काय आहे ते बोला." हे वाक्य मी नंतर रेडिओवरच्या एका साहेबाला ऐकवलं होतं, तो मला दर वेळी एकच तुकडा वाजवायला सांगत होता म्हणून. साहेबाने मला पुढचे कितीतरी महिने बोलावलं नाही. नाही तर नाही. माझं काही अडलं नाही.

आता मिलमधली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. साच्यांच्या खात्यात एवढा खडखडाट असायचा की शेजारी उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू यायचं नाही. त्यामुळे तिथली माणसं आवाज न काढता बोलायची. ओठ नीट, मोठे हलवायचे आणि जोडीला हातांच्या खुणा. मिशीला पीळ दिल्यासारखं केलं की जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय. गळ्यावरून आडवा हात फिरवला की साचा बंद पडला. आणि हात पुढे करून मूठ अंगाकडे खेचली, म्हणजे साच्याचा दांडा ओढल्यासारखं केलं, की साचा चालू कर. वाइंडिंगच्या बायकाही तसंच बोलायच्या. पन्नास हातांवरच्या बाईचं सासू-सुनेचं भांडण त्या कामावरून नजर न हलवता समजून घ्यायच्या आणि खांदे हलवत हसायच्या. त्या हसण्याचाही आवाज नसायचा.

ही बोली घरी येणारच. आबांचे कान साच्यांनी निम्मे खाल्ले होते, म्हणून ते तोंडाने बोलले तर अख्ख्या गॅलरीला ऐकू जायचं. खाजगी बोलायचं असलं की आई-आबा ओठांनीच बोलायचे. भांडायचेही तसेच. खोलीत चिडीचूप आणि दोघांचे ओठ आणि हात भराभर चाललेले. त्यांना वाटायचं, पोरांना कळत नाही. मला शाळेत जाण्याआधीपासून सगळं कळत होतं. आबांचा आवाज मला आठवतो त्यापेक्षा त्यांचे ओठ जास्त आठवतात.

खोलीच्या कोपऱ्यात कोळशाचं पिंप होतं. ते पिंप म्हणजे खरं तर ढोलाचं खोड. दोन्ही बाजूंची चामड्याची पानं नसलेलं, आतून काळं झालेलं, वर एक फळी ठेवलेली. आमच्या कोकणातल्या गावी लग्न असो, शिमग्याची पालखी असो, ढोल आमच्या घराने वाजवायचा असा रिवाज होता. रिवाज म्हणजे हुकूम. पाटलाचा निरोप आला की जेवणावरून उठून जायचं. अंगणाच्या बाहेर उभं राहून वाजवायचं, आणि वरून टाकतील ते घ्यायचं. माझ्या आजोबांनी जन्मभर ते केलं. आम्ही धम्म घेतला त्यानंतर आबा गावी गेले, भर बैठकीत त्यांनी सांगितलं की आजपासून आमचा बाजा बंद, आणि कोयत्याने ढोलाची पानं सगळ्यांदेखत फाडली. खोड मात्र खांद्यावर घालून मुंबईला आणलं. आई म्हणाली, "हे कशाला?" आबा म्हणाले, "कोळसा ठेव त्यात." एवढं बोलून विषय संपला.

माझ्या बाबतीत तो संपला नव्हता. माझे हात गप्प बसायचेच नाहीत. पाटावर, घागरीवर, दप्तरावर, जिन्याच्या कठड्यावर. जिथे हात टेकेल तिथे मी वाजवायची. एकदा संध्याकाळी आबा पाळी संपवून घरी आले तेव्हा मी कोळशाच्या पिंपावरच्या फळीवर दोन उलथनी घेऊन बसले होते. आत पोकळ खोड, त्यामुळे आवाज असा घुमत होता की मला दारात कोण आलंय ते कळलंच नाही. आबांनी उलथनी माझ्या हातातून काढून घेतली. मारलं नाही. त्यांनी मला कधीच मारलं नाही. खाली बसले आणि म्हणाले, "शेवंते, आपल्या पिढ्यान्पिढ्यांनी दुसऱ्याच्या हुकमावर वाजवलं. या घरात पुन्हा वाजणार नाही."

"मी हुकमावर कुठे वाजवते? मला आवडतं म्हणून."

"तुला आवडतं. बघणाऱ्याला काय दिसतं? पुन्हा आपलंच पोर वाजवतंय, हे दिसतं. गा तू. गळा आपला आहे, गळ्याने आपल्याला जागं केलंय. पण हाताने वाजवलेलं मला दिसलं तर व्यायामशाळेत जाणं बंद. गाणं बंद, सगळं बंद."

आबांचं म्हणणं मला पटत होतं आणि माझे हात ते मानत नव्हते. दोन्ही खरं होतं. आजही आहे.

व्यायामशाळा म्हणजे चाळीच्या मागची. मुंबईसह महाराष्ट्र व्हावा म्हणून तेव्हा सगळं गिरणगाव उठलं होतं. मोर्चे, सभा, हरताळ रोजचेच. आबा मोर्चात पुढे असायचे. त्या व्यायामशाळेत संध्याकाळी आमच्या कलापथकाच्या तालमी चालायच्या. पथकाचा म्होरक्या दत्ताराम, मालवणकडचा, आबांच्याच खात्यात साच्यावर. गाणी तोच रचायचा, म्हणायचा आणि ढोलकीही तोच वाजवायचा. पेटीवर दादरचे वसंतराव, एका बँकेत कारकून, इस्त्रीचा सदरा, पेटी स्वतःची आणि तिच्यावर कापड घालून आणलेली. आम्ही चार-पाच मुली मागे झील धरायला. दत्तारामला पाळीमुळे उशीर झाला की तो येईपर्यंत ढोलकी माझ्या मांडीवर असायची. पथकातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि आबांना कुणी सांगत नव्हतं.

वसंतरावांना माझं वाजवणं पसंत नव्हतं. तसं म्हणजे पसंत होतं, पण त्यांना धास्ती वाटायची. ते पेटी थांबवून म्हणायचे, "अगं बाई, काल इथे तू वेगळं काहीतरी केलं होतंस. आज हे कुठून काढलंस? उद्या काय करणार आहेस ते एकदा ठरव."

"उद्याचं उद्या ठरेल ना, काका."

तेवढ्यात दत्ताराम दारातून यायचा, अंगावर कापसाचे तंतू, आणि म्हणायचा, "मास्तर, हिची आवस काय रोज मोजून भाकरी थापता? तरी गोलच जाता ना? वाजवूक द्या तिका." मग वसंतराव मान हलवत पुन्हा सूर धरायचे. पण एक होतं, मी कुठेही गेले तरी परत यायला सूर तिथे असायचा. मी भरकटायची ती त्यांच्या जिवावर, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. आता रोज कळतं, कारण आता मांडीवर ढोलकी घेणारी पोरं माझ्यापुढे भरकटतात आणि सूर धरून बसायची पाळी माझ्यावर आली आहे.

कार्यक्रम ठरला तो व्यायामशाळेमागच्या पटांगणात, पहिली पाळी सुटल्यावर. करमणुकीचा कार्यक्रम म्हणून परवानगी घेतली होती. लाकडी बाकं जोडून मंच केला होता. माणसं अशी आली की पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. गॅलऱ्या भरल्या, जिने भरले, पाण्याच्या टाकीवर पोरं चढली. मिलमधून सरळ आलेले पुरुष, हातात रिकामा डबा. बायका एका बाजूला, त्यांत आई. आबा मागच्या भिंतीला टेकून उभे, बाळ्या खांद्यावर. मला झील धरताना बघायला आले होते. आज मुलगी गाणार म्हणून त्यांनी मिलमधून आल्यावर धुतलेला सदरा घातला होता, हे मला लांबूनही दिसलं.

सुरुवात व्हायच्या आधी इन्स्पेक्टर आला. बरोबर शिपाई, बाहेर गाडी. गाणं त्याने आधीच मागवून वाचलं होतं. मंचामागे येऊन तो दत्तारामला म्हणाला, "हे गाणं होणार नाही. पेटी-ढोलकी वाजवायची असेल तर खुशाल वाजवा, करमणूक करा लोकांची. पण मुंबई, महाराष्ट्र, सरकार, यातला एक शब्द जरी माझ्या कानावर आला तर तुम्हाला सगळ्यांना गाडीत घालीन. पोरींनासुद्धा." मग पुढे जाऊन, मंचाच्या अगदी समोर, कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

आमच्यातल्या एक-दोन मुली रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, कार्यक्रम रद्द करू, लोकांना सांगू. पटांगणातून तर आवाज वाढत चालला होता. मला वाटलं होतं, आता सगळ्यात आधी वसंतराव पेटी झाकतील, कारण त्यांना नोकरीचं भय होतं आणि त्याबद्दल त्यांना कुणी नावंही ठेवली नसती. पण त्यांनी पेटीवरचं कापड काढलं, घडी करून बाजूला ठेवलं आणि हळूच म्हणाले, "वाजवायला परवानगी आहे ना? मग निदान वाजवू तर." मग ते पेटी घेऊन मंचावर बसले आणि त्यांनी भाता चालू केला.

दत्ताराम इन्स्पेक्टरकडे बघत होता. मग त्याचा चेहरा एकदम बदलला. "कानार येवक नको, असाच बोललो ना तो? मगे नाय येवचो." तो माझ्याकडे वळला आणि ढोलकी उचलून त्याने माझ्या हातात दिली. "शेवंता, घे. माका आज हात मोकळे होये."

क्षणभर मला समजलं नाही आणि मग सगळं एकदम समजलं. पटांगणात हजारभर माणसं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांनी दिवसभर खडखडाटात उभं राहून एकमेकांचे ओठ वाचले होते. शब्द त्यांच्या कानावर पडायची गरजच नव्हती.

ढोलकी घेऊन मी मंचावर बसले. आणि समोर बघितलं तर भिंतीला टेकलेले आबा सरळ झाले होते. एवढ्या गर्दीवरून त्यांची माझी नजर भिडली. त्यांचे ओठ हलले. अगदी स्वच्छ: "खाली ठेव."

मला माहीत होतं, मी ढोलकी खाली ठेवली नाही तर माझं व्यायामशाळेत येणं आजच संपेल. आबा दिलेला शब्द फिरवणाऱ्यातले नव्हते. आणि मला हेही दिसत होतं की त्यांना माझ्या जागी त्यांचा बाप दिसतोय. मी त्यांच्या डोळ्याला डोळा दिला आणि आवाज न काढता, ओठ मोठे करून म्हटलं, "हुकमावर नाही, आबा. हुकूम मोडायला."

आबांनी बाळ्याला खांद्यावरून खाली उतरवलं आणि हाताची घडी घातली. हो नाही की ना नाही. त्यांच्या उत्तराची वाट बघत बसले असते तर इन्स्पेक्टर चहा पिऊन परत गेला असता. मी थाप मारली.

दत्ताराम मंचाच्या कडेशी येऊन उभा राहिला. त्याने दोन्ही हात वर केले आणि गाण्याचं ध्रुवपद म्हणायला सुरुवात केली. तोंडातून हूं की चूं नाही. ओठ आणि हात. पहिल्या ओळीला पटांगण चक्रावलं. दुसऱ्या ओळीला वाइंडिंगच्या बायकांमध्ये माझी आई होती तिथे कुणीतरी पुढे वाकून बघितलं, आणि मग ते लोकांमध्ये पसरत गेलं. तिसऱ्या ओळीला अख्ख्या पटांगणाचे ओठ हलत होते. ध्रुवपद लोकांना आधीपासून पाठ होतं. हजारभर तोंडं उघडत होती, मिटत होती, "मुंबई आमची" म्हणत होती, आणि ऐकू येत होती फक्त पेटी, ढोलकी आणि लांबून हार्बर लाइनची गाडी.

आता माझी खरी पंचाईत सुरू झाली. हातांनी आणि ओठांनी गायचं म्हटलं की गाण्याला वेळ लागतो. तालमीत बसवलेलं मोजमाप काही कामाचं नव्हतं. दत्तारामला एक शब्द दोनदा करून दाखवायला लागायचा, मागच्यांपर्यंत पोचेपर्यंत थांबायला लागायचं. त्या थांबण्यात मी काय करू? तिथे मला परात आठवली. मी आईसारखी थांबले. दोन थापा, थांबणं, त्याच्या हातांकडे बघणं, मग एक ओली थाप. कधी थांबणं लांब, कधी आखूड, आणि हात जिथे पडायला हवा तिथे. वसंतराव एका सुरावर घट्ट बसून राहिले, माझ्याकडे एकटक बघत. दुसऱ्या कडव्याला मी साचा वाजवायला घेतला. धोटा इकडून तिकडे फेकल्याची खटखट, तीच रोजची, दिवसभर डोक्यात वाजणारी. माणसं ती ओळखून पायाने धरायला लागली. बाकं थरथरली.

दत्तारामला जोर चढला. त्याने गाण्यात नसलेली एक ओळ तिथल्या तिथे घातली. मिशीला पीळ दिला, म्हणजे जॉबर आला, आणि ओठांनी म्हणाला, "कमरेवर हात ठेवून उभा आहे, ऐकतोय पण ऐकू येत नाही." सगळं पटांगण हसलं. आवाज न काढता. हजारभर माणसांचे खांदे हलत होते आणि इन्स्पेक्टर मागे वळून बघत होता की काय झालं. त्याने शेजारच्या शिपायाला विचारलं, "काय बोलतायत रे हे लोक?" मी जवळच होते, मला ऐकू आलं. तो शिपाई परळचाच असणार. त्याचा बाप नाहीतर भाऊ साच्यावर असल्याशिवाय त्याने मिशीचा पीळ बघून मघाशी हसू दाबलं नसतं. तो सरळ समोर बघत म्हणाला, "काय नाय साहेब. तोंड हलवतायत नुसते. तंबाखू असंल."

शेवटचं कडवं आलं. आता मला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं, माझ्याही नाही. काय वाजवलं ते मी ठरवलं नव्हतं. एक जड थाप, मग दोन हलक्या अडखळल्यासारख्या, मग पुन्हा जड, एक पाऊल पुढे टाकून थबकावं तसं. कुठून आलं माहीत नाही, पण हातांना ते आधीपासून येत होतं. मी तेच वाजवत राहिले, वाढवत राहिले, आणि दत्ताराम मुठी वळून वर करत राहिला. संपलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्यांना मनाई नव्हती. त्यांचा आवाज मात्र काढला लोकांनी, आणि असा काढला की रे रोडपर्यंत गेला असेल. इन्स्पेक्टर थोडा वेळ तसाच उभा राहिला. पकडायचं तर कशावरून? त्याच्या कानावर एक शब्द आला नव्हता. गाडी जशी आली तशी रिकामी गेली.

मी भिंतीकडे पाहिलं. आबा तिथे नव्हते.

त्या संध्याकाळी घरी आबांनी जेवून घेतलं, बाळ्याला जवळ घेतलं आणि रोजच्यासारखं थोपटत निजवलं. आई माझ्याकडे बघून ओठांनी म्हणाली, "गप राहा." मी मनात मात्र पक्कं ठरवलं होतं की व्यायामशाळा बंद केली तर पाटावर वाजवीन, पाट काढून घेतला तर भिंतीवर वाजवीन. आबांवर राग नव्हता. पण मागे फिरणार नव्हते.

सकाळी भोंग्याच्या आधी आबा चहात भाकरी बुडवून खात होते. आई थापत होती. आबा नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, "काल शेवटच्या कडव्याला काय वाजवलंस?"

"सुचलं ते."

"सुचलं?" त्यांनी पेला खाली ठेवला. शेजारी झोपलेल्या बाळ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थोपटलं. एक जड, दोन हलक्या अडखळत, पुन्हा जड. "हे?"

ते रोज बाळ्याला तसंच थोपटायचे. मलाही तसंच थोपटलं असणार.

"हे माझ्या बापाचं," आबा म्हणाले. "पालखी देवळाकडे वळली की तो हे वाजवायचा. पालखी पुढे जायची, आणि तो तिथेच, वेशीवर. त्याला पुढे जायची मनाई होती. पाऊल उचलायचा आणि थांबायचा. मी ढोल फाडला, पण हे हातातून गेलं नाही बघ. मला वाटलं होतं, निदान तुमच्यापर्यंत येणार नाही."

आईची थाप थांबली होती. मी म्हटलं, "आबा, मी काल बसून वाजवलं. मंचावर, सगळ्यांच्या मधोमध बसून. आणि पोलीस समोर उभा होता."

आबांनी कोपऱ्यातल्या पिंपाकडे बघितलं. ते खोड अजून माझ्या घरात आहे, आता त्यात छत्र्या असतात. लोक म्हणतात, त्याला पानं चढवून घ्या, वाजवा. मी चढवलेली नाहीत आणि चढवणारही नाही. ती आबांनी फाडली, ती फाडलेलीच राहतील. मला वाजवायला माझी ढोलकी आहे.

भोंगा झाला. आबांनी तोंड पुसलं, डबा उचलला, चपला घातल्या आणि निघाले. जा म्हणाले नाहीत, जाऊ नको म्हणाले नाहीत. मी दारात जाऊन उभी राहिले. गॅलरीत सगळ्या खोल्यांतून माणसं बाहेर पडत होती आणि भोंगा डोक्यावर असा वाजत होता की कुणी ओरडलं तरी ऐकू आलं नसतं. आबा गर्दीतून दुसऱ्या टोकाला जिन्यापाशी पोचले आणि तिथे थांबले. वळले. डबा डाव्या हातात घेतला, उजवा हात माझ्याकडे लांब केला आणि मूठ अंगाकडे खेचून साच्याचा दांडा ओढला.